शुद्ध कुस्तीचें दुय्यम पद

इ. स. १९७९ च्या सप्टेंबर महिन्यांत ब्राझील देशांतील रिओ द जानेरो या शहरीं कुस्त्यांचे सामने झाले. पॅट पॅटरसन नांवाच्या मल्लानें त्यांत दक्षिण अमेरिकेचें अजिंक्यपद जिंकलें. आणि आपल्याकडे असलेल्या उत्तर अमेरिकेच्या पदाशीं त्याचा मेळ घालून तो ‘इंटरकॉन्टिनेंटल’, म्हणजे आंतरखंडीय, अजिंक्यवीर झाला, अशी हकीकत अमेरिकेंतील वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या संस्थेनें त्या वेळीं प्रसिद्ध केली. या हकीकतींत उणीव एकच होती. रिओ येथें असे सामने कधीं झालेच नव्हते. पुढें चाळीसांहून अधिक वर्षें नामांकित मल्ल ज्या दुय्यम पदासाठीं झगडले, त्या पदाचा जन्मच असा एका कल्पित विजयांतून झाला.

इतिहासाच्या अभ्यासकानें असल्या पदाकडे वळून तरी कशाला पाहावें, हा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु ज्या खेळाचा निकाल आधींच ठरलेला असतो त्यांत पदाला, आणि विशेषतः दुसऱ्या पायरीवरच्या पदाला, अर्थ कोठून येतो, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आम्हीं येथें एका लहान संस्थेच्या लहान पट्ट्याचा इतिहास निवडला आहे. ही संस्था म्हणजे ‘रिंग ऑफ ऑनर’, आणि हा पट्टा म्हणजे तिचें ‘प्युअर’, अर्थात् शुद्ध कुस्तीचें, अजिंक्यपद.

प्रथम या धंद्याचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याकडे निकाल ठरवून केलेल्या कुस्तीस ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि ती करणाऱ्याची छी-थू होते. अमेरिकेंतील धंदेवाईक कुस्ती ही त्या अर्थानें सर्वस्वी नुराच होय. फरक इतकाच कीं, तेथें फसवणूक अशी कोणाचीच होत नाहीं, कारण प्रेक्षकांस सर्व ठाऊक असतें. १९८९ सालीं तर न्यू जर्सी संस्थानाच्या विधिमंडळापुढें वर्ल्ड रेसलिंग फेडरेशननें आपला खेळ ही चुरस नसून करमणूक आहे असें उघड सांगून टाकलें. त्यामागें सत्यप्रीति नव्हती. सरकारी क्रीडामंडळाच्या देखरेखींतून व करांतून सुटका हवी होती, इतकेंच.

हा खेळ नेहमींच असा नव्हता. १९०८ सालीं शिकागो येथें फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट हे सुमारें दोन तास झुंजले. परंतु अशा लांबलेल्या झोंबाझोंबींत तिकीट काढून आलेल्या माणसाचा जीव रमत नाहीं, हें व्यवस्थापकांच्या लवकरच लक्षांत आलें. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत एड लुइस हा मल्ल आणि बिली सँडो व टूट्स मोंट हे त्याचे दोन सहकारी यांनीं गांवोगांव फिरणारी मंडळी उभारली, लढतींना वेळेची मर्यादा घातली, उड्या-फेंकींनीं खेळ चटकदार केला आणि निकाल आपल्या हातीं ठेवले. नाटकमंडळीचीच ही पद्धति होती.

या पद्धतीचा सारा डोलारा मल्लांच्या शब्दावर उभा होता, याची साक्ष देणारा एक मनुष्य आपल्या वाचकांस परिचित आहे. स्टॅनिस्लॉस झिबिस्को १९१० सालीं लंडनमध्यें गामा पहिलवानापुढें अडीच तासांहून अधिक वेळ जमिनीला चिकटून राहिला व ती कुस्ती बरोबरींत सुटली. १९२८ सालीं पतियाळा येथें गामानें त्याला मिनिटाच्या आंत चीत केलें. या दोन कुस्त्यांच्या मधल्या काळांत, १५ एप्रिल १९२५ रोजीं, फिलाडेल्फिया येथें त्याची गांठ वेन मन याच्याशीं पडली. मन हा मूळचा फुटबॉलचा खेळाडू; व्यवस्थापकांनीं त्याला अजिंक्यवीर करून ठेविलें होतें, आणि झिबिस्कोनें ठरल्याप्रमाणें हार पत्करावयाची होती. त्यानें ठराव मोडला आणि मनला खरोखरच चीत केलें. धंद्याच्या दृष्टीनें ती दगलबाजी होती. कुस्तीच्या दृष्टीनें तेवढेंच काय तें खरें होतें. खरेपणा आणि इमान यांची अशी ताटातूट ज्या धंद्यांत होते, त्यांत ‘शुद्ध’ हा शब्द वापरणें किती अवघड आहे, तें यावरून कळून यावें.

आतां दुय्यम पदांविषयीं. १९४८ सालीं आयोवा संस्थानांतील वॉटर्लू या गांवीं निरनिराळ्या प्रांतांच्या व्यवस्थापकांनीं एकत्र येऊन ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ स्थापिलें. सर्वांनीं मिळून एकच जगज्जेता मानावा, आणि त्यानें वर्षभर प्रांताप्रांतांतून फिरावें, अशी योजना होती. परंतु जगज्जेता गांवांत यावयाचा तो क्वचित्. बाकीच्या आठवड्यांना प्रेक्षागृह भरावें कसें? त्यासाठीं प्रत्येक प्रांतानें आपापलीं पदें निर्माण केलीं. मुख्य पद हा दिवाणखाना मानला, तर दुय्यम पद ही त्याच्या बाहेरची ओसरी. उमेदवारानें तेथें बसून आपली पाळी येण्याची वाट पाहावयाची, आणि ज्याची पाळी येऊन गेली त्यानेंही तेथेंच विसांवा घ्यावयाचा. ओसरीला स्वतःची अशी प्रतिष्ठा नसते; आंत कोण आहे यावर ती अवलंबून असते. रिओच्या सामन्यांची थाप खपून गेली ती यामुळेंच. पद कोठून आलें याची चौकशी करण्याची कोणास गरज वाटली नाहीं.

‘प्युअर’ पदाचें वेगळेपण येथेंच आहे. २००१ सालीं वर्ल्ड रेसलिंग फेडरेशननें आपली मोठी प्रतिस्पर्धी संस्था विकत घेतली आणि त्याच वर्षीं तिसरी संस्था दिवाळखोरींत निघाली. मोठ्या रंगमंचावर एकच मंडळी उरली. जे तरुण मल्ल शरीरानें अगडबंब नव्हते, परंतु डावपेंचांत तरबेज होते, त्यांना लहान लहान स्वतंत्र संस्थांवांचून आसरा राहिला नाहीं. अशा संस्थांपैकीं ‘रिंग ऑफ ऑनर’ हिनें फेब्रुवारी २००२ मध्यें फिलाडेल्फिया येथें, म्हणजे झिबिस्कोनें शब्द मोडला त्याच शहरांत, आपला पहिला खेळ केला. लढतीपूर्वीं व लढतीनंतर हस्तांदोलन करावें, असा तिचा आचार होता. तीं प्रेक्षागृहें लहान असत. एखाद्या शाळेची व्यायामशाळा किंवा क्लबाचा दिवाणखाना भाड्यानें घेऊन शेंकड्यांनीं मोजतां येईल इतक्या लोकांपुढें खेळ होई, आणि त्याच्या ध्वनिचित्रफिती टपालानें दूरदूर जात.

दोन वर्षें झाल्यावर, १४ फेब्रुवारी २००४ रोजीं, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील ब्रेनट्री येथें या संस्थेनें आठ मल्लांचे सामने एकाच रात्रीं लावून ‘प्युअर’ पद निर्माण केलें. अंतिम लढतींत ए. जे. स्टाइल्स यानें सी. एम. पंक यास हरविलें. त्या लढतीचा पंच रिकी स्टीमबोट होता. १९८७ सालीं पाँटिॲक येथें रँडी सॅव्हेजशीं आंतरखंडीय पदासाठीं झालेली त्याची कुस्ती ही दुय्यम पदाच्या कुस्त्यांत आजही आदर्श मानली जाते. तेव्हां या पदाचे सामने निदान झाले तरी. रिओसारखे कागदावर राहिले नाहींत.

परंतु खरें वैशिष्ट्य नियमांत होतें. या खेळांत एरवीं मल्लानें दोराला हात किंवा पाय लावला कीं पंच प्रतिस्पर्ध्याला पेंच सोडावयास लावतो, आणि हें कितीही वेळां करतां येतें. ‘प्युअर’ पदाच्या लढतींत ही सवलत प्रत्येकास फक्त ३ वेळां मिळे. ती संपली म्हणजे दोराशीं असतांनाही पेंच चालूं राही, चीतही ग्राह्य धरली जाई. दुसरा नियम असा कीं, वळलेल्या मुठीनें तोंडावर ठोसा मारावयाचा नाहीं. पहिल्या वेळीं ताकीद, पुढें शिक्षा. आणि तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. इतर बहुतेक पदें चीत किंवा शरणागति यांवांचून हातचीं जात नाहींत. अजिंक्यवीर बाद ठरला किंवा अंक मोजून होईपर्यंत रिंगणांत परतला नाहीं, तरी पट्टा त्याच्याकडेच राहतो. हें पद मात्र अशाही पराभवानें जाई. म्हणजे अजिंक्यवीराला पळवाट ठेविलेली नव्हती.

या नियमांचें इंग्लंडमधील जुन्या धंदेवाईक कुस्तीशीं बरेंच साम्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें ॲडमिरल लॉर्ड माउंटेव्हान्स यांच्या नांवानें जी नियमावली रूढ झाली, तींतही नियमभंगाबद्दल जाहीर ताकीद देण्याची पद्धत होती, आणि १९५५ पासून १९८८ पर्यंत तेथील कुटुंबें दूरचित्रवाणीवर तसल्या कुस्त्या पाहत. निकाल तेथेंही ठरलेलेच असत. पण नियम पाळणारा आणि नियमाला बगल देणारा असे दोन स्वभाव त्यांतून स्पष्ट दिसत. आमच्या मतें ‘प्युअर’ पदाचें मर्म हेंच होय. निकाल खोटा असला तरी मर्यादा खरी असूं शकते. तीन सवलतींपैकीं दोन संपलेल्या मल्लाच्या मुद्रेवरची काळजी ही अभिनय असेल. पण ती सवलत संपली आहे हें प्रेक्षकानें स्वतः मोजलेलें असतें. ज्या नाटकांत प्रेक्षकाजवळ मोजावयास कांहीं असतें, त्यांत तो नुसता बघ्या राहत नाहीं.

पदाचा पुढील इतिहास मात्र सुखाचा झाला नाहीं. जन्मानंतर कांहीं आठवड्यांतच संस्था संकटांत सापडली. टी. एन. ए. या दुसऱ्या संस्थेनें आपल्याशीं करारबद्ध असलेले मल्ल तेथून काढून घेतले, त्यांत स्टाइल्सही गेला, आणि पद रिकामें पडलें. जुलै २००४ मध्यें इंग्लंडच्या डग विल्यम्सनें तें मिळविलें. ऑगस्टांत तें जॉन वॉल्टर्सकडे गेलें. मार्च २००५ मध्यें तरुण जे लीथल यानें तें घेतलें. लीथल हा सामोआ जो याच्या हाताखालीं पुढें आलेला. जो हा ६४५ दिवस संस्थेचा मुख्य अजिंक्यवीर होता. मे २००३ मध्यें लंडनला जाऊन त्यानें आपला पट्टा राखला, आणि तेव्हांपासून त्या पदाला ‘जागतिक’ म्हणण्यास आधार मिळाला. डिसेंबर २००४ मध्यें त्याचें तें पद गेलें. आणि पांच महिन्यांच्या आंत, ७ मे २००५ रोजीं, त्यानें आपल्याच शिष्याकडून हें दुय्यम पद जिंकलें. दिवाणखान्यांतून उठलेला माणूस ओसरीवर येऊन बसला, असें कोणी म्हणेल. पण त्या बसण्यानें ओसरीची उंची वाढली, हेंही खरें.

२७ ऑगस्ट २००५ रोजीं लंडनमध्यें जन्मलेल्या नायजेल मॅग्विनेसनें जोचा पराभव केला, आणि पुढचे ३५० दिवस हें पद त्याच्याकडे राहिलें. नियमांची शस्त्रासारखी योजना कशी करावी, हें त्याला उत्तम कळे. याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे २९ एप्रिल २००६ ची क्लीव्हलंड येथील लढत. समोर होता ब्रायन डॅनियलसन, संस्थेचा मुख्य अजिंक्यवीर. आणि दोन्ही पदें पणाला लागलीं होतीं. मॅग्विनेस जिंकला, पण प्रतिस्पर्धी वेळेंत रिंगणांत न परतल्यामुळें जिंकला. तसा पराभव मॅग्विनेसचा झाला असता तर त्याचें पद गेलें असतें. डॅनियलसनचा झाला, आणि त्याचें पद त्याच्याजवळ राहिलें. धाकट्या पदाचा कायदा थोरल्यापेक्षां कडक होता, हें त्या रात्रीं उघड झालें. संसारांत काय आणि राज्यांत काय, कडक कायदे बहुधा धाकट्यांच्याच वांट्याला येतात.

शेवटीं १२ ऑगस्ट २००६ रोजीं लिव्हरपूल येथें दोन्ही पदें एक करण्यासाठीं हे दोघे पुन्हां भेटले. प्रेक्षागृह मॅग्विनेसच्या देशबांधवांनीं भरलेलें होतें. लढत रंगांत आल्यावर डॅनियलसननें मॅग्विनेसचे हात धरून त्याला रिंगणाच्या कोंपऱ्यावरील लोखंडी खांबाकडे खेंचलें. डोकें खांबावर पुनःपुन्हां आदळलें आणि कपाळ फुटून रक्त वाहूं लागलें. त्या रक्तांत अभिनय नव्हता. डॅनियलसन जिंकला. ‘प्युअर’ पद मुख्य पदांत विलीन झालें, म्हणजे नाहींसें झालें. आणि स्वतंत्र संस्थांच्या इतिहासांत ही लढत थोर लढतींपैकीं एक म्हणून गाजली.

येथें क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. ज्या पदानें वळलेली मूठ निषिद्ध मानली, त्याची अखेर लोखंडावर फुटलेल्या कपाळानें व्हावी, हा विरोध नजरेआड करण्यासारखा नाहीं. नियमानें हात बांधले होते. खांबाविषयीं नियम मुका होता. आणि टाळ्या नियमानें जे बांधलें त्याला पडल्या नाहींत, तर तो जेथें मुका होता तेथें जे घडलें त्याला पडल्या. निकाल कचेरींत ठरतो. जखम कचेरींत ठरत नाहीं. खोट्या झुंजींतील खऱ्या माराची ही किंमत पुढें चुकती करावी लागते. डॅनियलसननें फेब्रुवारी २०१६ मध्यें, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, मेंदूला वारंवार बसलेल्या आघातांमुळें निवृत्ति जाहीर केली. २०१८ सालीं तो परतला, पण तीं मधलीं वर्षें गेलीं तीं गेलींच. त्याच्या डोक्यावरचे आघात एका लढतींतले नव्हते, आणि एका संस्थेंतलेही नव्हते. लहान प्रेक्षागृहांत नांव मिळविण्यासाठीं तरुणानें काय काय द्यावें लागतें, त्याचा तो एकूण हिशोब होता.

यांत दोष कोणाचा? मल्लांचा म्हणावा तर त्यांनीं प्रेक्षकांना हवें तें दिलें. संस्थेचा म्हणावा तर तीही तिकिटांवर जगणारी. उरतो तो प्रेक्षक, म्हणजे तुम्हीं-आम्हींच. नाटकांतला राजा खरोखर मरावा असें आपण म्हणत नाहीं. परंतु मल्लाचें रक्त खरें आहे असें कळतांच आपण खुर्चीच्या कडेला सरकतों. कल्पिताचा कंटाळा आला म्हणजे मनुष्य सत्याची मागणी करतो, आणि सत्याचा पुरावा म्हणून त्याला बहुधा दुसऱ्याची वेदनाच पुरते. ‘शुद्ध’ कुस्तीनें दुसरा पुरावा देऊं केला होता. मर्यादेचा, कौशल्याचा, मोजून संपणाऱ्या सवलतींचा. तो पुरावा आम्हांला पुरला नाहीं, असें या इतिहासाच्या पहिल्या भागावरून म्हणावें लागतें.

सुदैवानें त्याला दुसरा भाग आहे. चौदा वर्षांनंतर, २०२० सालीं, संस्थेनें हें पद पुन्हां निर्माण केलें. संस्था आतां स्वतंत्र राहिली नव्हती; २०११ पासून ती एका मोठ्या दूरचित्रवाणी कंपनीच्या मालकीची होती. करोनाच्या सांथीमुळें प्रेक्षकांना बंदी होती. बाल्टिमोर येथील रिकाम्या प्रेक्षागृहांत १६ मल्लांचे सामने झाले, आणि ऑक्टोबरअखेर दाखविलेल्या अंतिम लढतींत जोनाथन ग्रेशमनें ट्रेसी विल्यम्सला हरविलें. ग्रेशम हा ठेंगणा मल्ल. हात, मनगट, घोंटा, गुडघा यांच्या पेंचांतच त्याचें सारें सामर्थ्य. नवीन नियमांत वेळ संपल्यास निकाल देण्यासाठीं तीन परीक्षक नेमलेले होते. टाळी नाहीं, आरोळी नाहीं. मल्लांचा श्वास आणि पंचाचा आवाज तेवढा ऐकूं येई. दुसऱ्या कोणत्याही पदाचें तेज त्या शांततेंत फिकें पडलें असतें. या पदाला ती मानवली. रक्ताची मागणी करणारें कोणी तेथें नव्हतेंच.

त्यानंतर संस्थेवर पुन्हां संकट आलें, २०२१ च्या अखेरीस तिनें आपले करार संपविले, आणि मार्च २०२२ मध्यें टोनी खान यानें ती विकत घेतल्याचें जाहीर केलें. तरी पद या वेळीं टिकलें. ३१ मार्च २०२३ रोजीं लॉस अँजेलिस येथें जपानच्या कात्सुयोरी शिबातानें तें जिंकलें. हा शिबाता म्हणजे ज्यानें एप्रिल २०१७ मध्यें टोकियो येथील एका लढतींत प्रतिस्पर्ध्याला डोक्यानें इतकी जबर धडक दिली कीं, त्याच्याच मेंदूभोंवतीं रक्तस्राव होऊन तातडीनें शस्त्रक्रिया करावी लागली. तो पुन्हां रिंगणांत दिसेल अशी आशा फार थोड्यांना होती. ज्याच्या डोक्यानें या धंद्याची किंमत मोजली होती, त्याला जागा मिळाली ती ठोशांना मर्यादा घालणाऱ्या पदाच्या छायेंत.

आणि २५ सप्टेंबर २०२४ रोजीं न्यू यॉर्क शहरांत डॅनियलसन व मॅग्विनेस हे, लिव्हरपूलच्या रात्रीनंतर अठरा वर्षांनीं, पुन्हां समोरासमोर उभे राहिले. मॅग्विनेसनें २०११ सालीं निवृत्त होऊन समालोचकाचा धंदा पत्करला होता. दोघांचीही चाळिशी उलटलेली. ती लढतही डॅनियलसननेंच जिंकली, पण निकालासाठीं ती कोणीं पाहिली असेल असें वाटत नाहीं.

दुय्यम पदाला अर्थ कोठून येतो, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस या इतिहासांत सांपडतें तें असें. मुख्य पदाला त्याचा मानकरी मोठा करतो. दुय्यम पदाला त्याचा नियम मोठा करतो. मानकरी बदलतात, संस्था विकल्या जातात, एखादें पद तर न झालेल्या सामन्यांतूनही जन्माला येतें. नियम मात्र पाळला तरच असतो. आणि मल्लानें तो पाळावा अशी अपेक्षा करणाऱ्या प्रेक्षकानें आपल्याही मागणीला कोठें तरी सीमा घातली पाहिजे. तीन सवलती मल्लाला मोजून मिळतात. आपल्याला किती मिळाव्यात, हें अजून कोणीं ठरविलेलें नाहीं.